देवस्थळींच्या गाडीतला आवाज

आवाज पहिल्यांदा आला तो सोमाटणे फाट्याजवळ. गाडी नवी कोरी होती. सीटवरची प्लास्टिकची कव्हरं अजून निघाली नव्हती, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक ताजं होतं. गोपाळकृष्ण देवस्थळी तळेगावहून बायकोला घेऊन पुण्याकडे निघाले होते, आणि एक डंपर डावीकडून, म्हणजे ज्या बाजूने सज्जन माणूस कधीही येत नाही त्या बाजूने, त्यांच्यापुढे घुसला. देवस्थळींनी करकचून ब्रेक मारला. डंपर निघून गेला. आणि गाडीत कुठेतरी आवाज झाला. टक्.

"ऐकलंस?"

"काय?" चंद्रिकाबाई म्हणाल्या.

"टक् झालं."

"डंपरचं असेल."

"डंपर धाड करतो. हे टक् होतं. आतून आलं."

चंद्रिकाबाईंनी काही ऐकलं नव्हतं. पण देवस्थळींना आवाज आला म्हणजे आला. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात बसून त्यांनी आजवरची अख्खी नोकरी झाकणं नाकारण्यात घालवली होती. जे झाकण साऱ्या जगाला गोल दिसतं ते त्यांना लंबवर्तुळाकार दिसायचं. अशा माणसाने रीतसर पैसे मोजून घेतलेल्या गाडीने टक् करावं आणि त्याने ते ऐकून सोडून द्यावं, ही गोष्टच संभवत नव्हती.

सोमाटण्यापासून पुण्यापर्यंत आवाज मधूनमधून येत राहिला. खड्डा आला की टक्. उलट्या बाजूने मोटारसायकल आली की टक्. स्पीडब्रेकर नावाखाली कुणीतरी डांबराचा जो ढीग टाकून ठेवला होता, त्यावर तर टक्-टक्.

दुसऱ्या दिवशी देवस्थळी रजा टाकून सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे समीक्षा नावाची मुलगी हातात टॅबलेट घेऊन उभी होती. ती इतकी गोड हसली की देवस्थळींना तिथेच पहिला राग आला. तक्रार करायला आलेल्या माणसाकडे बघून कुणी हसू नये, एवढी साधी गोष्ट या लोकांना कुणी शिकवत नाही.

मेकॅनिक गाडी घेऊन निघाला, देवस्थळी शेजारी बसले. वडगावपर्यंत गेले, परत आले. खड्ड्यातून गेले, मुद्दाम परत त्याच खड्ड्यातून आले. गाडी एखाद्या गुणी सुनेसारखी मुकाट चालली.

"सर, साउंड येत नाहीये," समीक्षा म्हणाली.

"तुमचा माणूस असताना येत नाही! मी चालवताना येतो!"

"मग सर, 'तक्रार आढळली नाही' असं टाकते हं."

टाकलं. घरी पोचेपर्यंत मोबाइलवर मेसेज आला की आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे, आमच्या सेवेवर आपण किती खूश आहात ते कळवा. देवस्थळींनी सगळ्यात रडका चेहरा निवडून दाबला. त्यावर समीक्षाचा फोन आला, "सर, असं का दिलंत? माझं काही चुकलं का?" आता तिचं काय चुकलं हे सांगता येईना, आणि काही चुकलं नाही असं म्हणायची तयारी नव्हती, म्हणून देवस्थळींनी फोन ठेवला आणि दाराला लाथ मारली. घराच्या. गाडीच्या दाराला त्यांनी कधीच लाथ मारली नसती.

सोसायटीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. गाडी घेण्याआधीही सोसायटीने त्यांना असंच छळलं होतं. पेट्रोल घेऊ नका म्हणणारे, बॅटरीची घेऊ नका म्हणणारे, पांढरा रंग घेऊ नका म्हणणारे, आणि गाडी घेऊच नका, रिक्षा परवडते असं सांगून स्वतः महिन्याभरात मोठी गाडी आणणारे. या सगळ्यांचे मुकुटमणी रखमाजी वाघोले. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांचीच शेती. आता तिथल्याच एका फ्लॅटमध्ये ते राहत आणि पार्किंगमध्ये ट्रॅक्टर लावत. त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, "साहेब, गाडी अशी पायजे की गुडघाभर चिखलात घातली तरी भायेर यील."

"मला चिखलात जायचंच नाही."

"तुमी न्हाई जाणार. पन चिखल यील की तुमच्याकडं."

आता रखमाजी बॉनेटला कान लावून उभे राहिले. गाडी बंद होती. तरीही त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि निदान केलं.

"उंदीर."

"नव्या गाडीत उंदीर?"

"उंदराला काय, नवीनच आवडतं. माझ्या जीपमधी घूस निघालीती. मिरचीची धुरी द्या, भायेर यील."

देवस्थळी सुशिक्षित होते. उंदीर टक् करत नाही, कुरतडतो, हे त्यांना कळत होतं. पण ज्या माणसाला सर्व्हिस सेंटरने खोटं पाडलंय त्याला उंदीरही जवळचा वाटायला लागतो. रखमाजींनी घमेल्यात निखारे आणले, वर मूठभर लाल मिरच्या टाकल्या, घमेलं गाडीत ठेवलं आणि काचा लावून घेतल्या. पार्किंगमध्ये धूर झाला. धुराबरोबर छतावरचा आगीचा भोंगा वाजला, आणि चारी मजल्यांवरची माणसं मिळेल ते घेऊन खाली पळाली. एका आजींनी देव आणले होते. एका गृहस्थांनी फक्त टीव्हीचा रिमोट आणला होता. सगळे शिंकत होते, खोकत होते, आणि एकमेकांना विचारत होते की कुणाच्या घरात लागली.

उंदीर निघाला नाही. सोसायटीने फळ्यावर नोटीस लावली की पार्किंगमध्ये वाहनांना धुरी देण्यास सक्त मनाई आहे. देवस्थळींचं नाव नव्हतं, पण नाव नसल्याचा अपमान जास्त होता, कारण नोटीस वाचणारा प्रत्येक जण वाचून झाल्यावर त्यांच्या खिडकीकडे बघायचा. आणि गाडीत बसलं की महिनाभर डोळ्यांतून पाणी यायचं. रडत रडत गाडी चालवणारा माणूस पाहून तळेगाव स्टेशनच्या चौकात एका बाईंनी त्यांना हात जोडले होते.

मग कोणीतरी कामशेतच्या बजरंगचं नाव सुचवलं. बजरंगचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, चार खांब आणि जमिनीत मुरलेलं ऑइल. त्याने देवस्थळींचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"खोलावी लागंल."

"काय?"

"समदीच."

आणि खोलली. सीटा काढल्या, दारांचे पत्रे काढले, डॅशबोर्ड काढला. देवस्थळी स्टुलावर बसून आपल्या गाडीची आतडी ताडपत्रीवर पसरलेली बघत होते. संध्याकाळी गाडी परत जोडली गेली. ताडपत्रीवर मूठभर स्क्रू उरले.

"हे?"

"जादाचे असत्यात. कंपनीवाले टाकत्यात."

"कंपनीवाले कशाला जादा टाकतील?"

"आता ते तुमी कंपनीला इचारा."

देवस्थळी ते स्क्रू रुमालात बांधून तडक सर्व्हिस सेंटरला गेले. समीक्षाने रुमालाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसणं थांबवलं. "सर, गाडी बाहेर उघडलीत? मग वॉरंटी गेली." देवस्थळींनी आवाज चढवला. मॅनेजर आला. मॅनेजरवर चढवला, तर त्याने पाणी आणि बिस्किटं मागवली. या देशात माणूस न्याय मागायला गेला की त्याला बिस्कीट देतात! देवस्थळी बिस्कीट न खाता बाहेर पडले. परतीच्या रस्त्यात आवाज इतक्यांदा आला की त्यांनी मोजणं सोडून दिलं.

आता घरातलं वातावरण बिघडलं. देवस्थळी रोज संध्याकाळी चंद्रिकाबाईंना गाडीत बसवून चक्कर मारायचे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा मागच्या सीटवर आडवं. "आला का?" "नाही." "आत्ता?" "नाही हो." "तू लक्षच देत नाहीस!" चंद्रिकाबाई शाळेत गणित शिकवायच्या. दिवसभर साठ पोरांकडे लक्ष देऊन आलेल्या बाईला हे ऐकावं लागत होतं. बंगलोरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, इंद्रायणीने, फोनवर विचारलं, "आई, बाबा बरे आहेत ना?" तर त्या म्हणाल्या, "बाबा बरे आहेत. गाडी आजारी आहे असं बाबांना वाटतं. आणि मला वाटतं, मी लवकरच तुझ्याकडे राहायला येईन."

देवस्थळींनी ते ऐकलं. ऐकून ते गप्प बसले असते तर पुढचं काही झालं नसतं.

बजरंग गाडी देताना म्हणाला होता, "चढाला घाला. वळणावर आवाज आपसूक बोलंल." आणि चढ म्हणजे लोणावळ्यात भुशी धरणाच्या पुढचा. बाकीचे वार झाकणांना वाहिलेले असल्यामुळे उरला रविवार.

"ऑगस्टमधल्या रविवारी? भुशीला?" चंद्रिकाबाईंनी विचारलं.

"सकाळी लवकर निघू. कुणी नसेल."

"आणि मी कुठे बसायचं?"

देवस्थळींनी खिडकीबाहेर पाहिलं. "डिकी सोडून सगळीकडे बसून झालंय तुझं."

चंद्रिकाबाईंनी तपासत असलेली वही मिटली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण हे शेवटचं. रविवारी सापडला तर सापडला. नाही सापडला तर मी या गाडीत पुन्हा बसणार नाही, आणि सोमवारी बंगलोरचं तिकीट काढेन. मी चिडून बोलत नाहीये, हे लक्षात घ्या."

त्या चिडून बोलत नव्हत्या म्हणूनच देवस्थळींना धडकी भरली.

सकाळी लवकर निघू म्हणजे कुणी नसेल, हा विचार त्या दिवशी साऱ्या पुण्याने आणि निम्म्या मुंबईने केला होता. लोणावळ्यात शिरल्यापासून गाडी माणसाच्या चालीने सरकत होती. चारी बाजूंनी ओल्या चड्ड्या घातलेले लोक, हातात कणसं, गाड्यांच्या टपातून वर आलेली धडं, आणि प्रत्येक गाडीत वेगळं गाणं. देवस्थळींच्या मते देशाचं काय होणार हे ज्याला पाहायचं असेल त्याने भुशीच्या रस्त्यावर उभं राहावं, दुसरं काही वाचायची गरज नाही.

गर्दी थोडी सुटल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. मागची सीट अर्धी पाडली, म्हणजे हवा खेळेल. डिकीवरची फळी मात्र तशीच ठेवली, कारण त्यांचा मुख्य संशय त्या फळीवरच होता. खाली गोधडी घातली. चंद्रिकाबाई उशी आणि बॅटरी घेऊन आत शिरल्या, कुशीवर झाल्या, आणि देवस्थळींनी डिकी लावली. लावताना त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण ते गाडीत बसेपर्यंतच टिकलं.

चढ सुरू झाला. वळणावर एक जीप अंगावर आली. टक्!

"आला! ऐकलास?" ते ओरडले.

"नाही!" मागून दबलेला आवाज आला.

पुढच्याच वळणावर पोलिसांची नाकाबंदी होती. हवालदार श्रीपती रेनकोटमधून पाणी निथळत उभा होता. तो कंटाळलेला होता. त्याने काचेवर टिचकी मारली.

"डिकी उघडा."

"कशासाठी?"

"दारू-बिरू हाय का बघायचंय."

"मी दारू पीत नाही!"

"मंग उघडा की."

"उघडता येणार नाही."

"का?"

देवस्थळी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "आत माझी बायको आहे," ते म्हणाले.

हवालदार दोन पावलं मागे सरला. मग शिट्टी फुंकली. आणखी दोघे धावत आले, गाडीची किल्ली काढून घेतली आणि डिकी उघडली. आत चंद्रिकाबाई कुशीवर पडल्या होत्या. त्यांनी बॅटरीचा झोत हवालदाराच्या तोंडावर मारला.

"अहो, बंद करा ते! आत्ताच काहीतरी ऐकू येत होतं."

"मावशी," श्रीपतीचा आवाज एकदम हळवा झाला, "तुमी हितं कशा?"

"झोपलेय."

"कुनी ठिवलं तुमाला?"

"यांनी."

तोवर आजूबाजूच्या गाड्यांतले लोक उतरले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. कणीस खाणारा एक जण दुसऱ्याला समजावत होता की म्हाताऱ्याने कुणाची तरी बायको पळवून आणलीय. "माझी स्वतःची बायको आहे!" देवस्थळी गरजले. "स्वतःचीच असती दर वेळी," मागून कोणीतरी म्हणालं. अख्खा चढ हसला.

चौकीत सब-इन्स्पेक्टर यशोधरा शेलार बसल्या होत्या. वयाने इंद्रायणीएवढ्याच. त्यांनी चंद्रिकाबाईंना खुर्ची आणि चहा दिला. देवस्थळींना बाक दिला, चहा दिला नाही. देवस्थळींनी बाकावर बसून सगळी हकिगत सांगितली: डंपर, टॅबलेट, मिरच्या, स्क्रू, वॉरंटी, बिस्कीट. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की आपण जितकं खरं सांगतोय तितका समोरच्या बाईंचा विश्वास उडतोय.

"तळेगावात तुम्हाला ओळखणारं कोण आहे?"

रखमाजींना फोन लावला, स्पीकरवर.

"व्हय, वळखतो की," रखमाजी म्हणाले. "मानूस तसा वाईट न्हाई. पन गाडीपायी लय तिरसटलाय. परवा मलाबी डिकीत घालाय बघत हुता. म्या म्हनलं, साहेब, माझं गुडघं दुमडत न्हाईत."

यशोधराबाईंनी फोन बंद केला आणि पेन खाली ठेवलं.

"काका, एक सांगा. आवाज डिकीत ऐकायचा होता ना? मग तुम्ही का नाही झोपलात डिकीत?"

"मी गाडी चालवत होतो!"

"यांना येत नाही?"

"येते," चंद्रिकाबाई चहाच्या कपावरून म्हणाल्या. "माझं लायसन्स यांच्या आधीचं आहे. गाडी आल्यापासून मी एकदाही चालवलेली नाही. हे म्हणतात, आधी आवाज जाऊ दे."

तेवढ्यात चौकीतली वीज गेली. पंखा थांबला. श्रीपती दाराशी, यशोधराबाई टेबलाशी, चंद्रिकाबाई खुर्चीत, आणि तिघेही देवस्थळींकडे बघत होते. देवस्थळींना संताप आला. पण पोलीस चौकीत ओरडता येत नाही, म्हणून त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

टक्.

"हाच!" देवस्थळी ताडकन उठले. "हाच तो! ऐकलात ना?" आणि ते वाकून टेबलाखाली बघू लागले.

"ऐकलं," यशोधराबाई म्हणाल्या. "काका, तो तुमच्या तोंडातून आला."

"माझ्या तोंडातून शब्द येतात!"

चंद्रिकाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या कानापुढे, जबड्याच्या सांध्यावर, तळवा ठेवला. "आता त्या वॉरंटीचं आठवा."

टक्.

"बिस्किटाचं आठवा."

टक्-टक्.

चंद्रिकाबाईंनी हात काढला नाही. "म्हणजे दात आवळता तुम्ही. राग आला की. मेकॅनिक शेजारी असला की कान देऊन, तोंड उघडं टाकून बसता, तेव्हा कसा येईल?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "म्हणजे गेल्या उन्हाळ्यात बेडरूमचा पंखा बदलला, तो..."

"पंखा खराबच होता."

"आणि माझ्या वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ? रात्री टक्-टक् करतं म्हणून भंगारात घातलंत ते?"

"ते घड्याळच होतं. ते करणारच," देवस्थळी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. कारखान्यात त्यांनी आजवर जे काही नाकारलं त्यात एकही झाकण असं नव्हतं की ज्यातला दोष शेवटी आपलाच निघावा.

यशोधराबाईंनी हसू आवरून हुकूम दिला. गाडी मावशी चालवतील. काका पुढे बसतील, डिकीत नाही. आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी तोंड किंचित उघडं ठेवायचं. दात दातावर टेकले नाहीत की आवाज येणार नाही. त्यांच्या वडिलांनाही हाच त्रास होता, दंतवैद्याने हेच सांगितलं होतं.

चंद्रिकाबाईंनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गाडी रस्त्यावर घेतली. त्या छान चालवत होत्या. हे देवस्थळींना कार्ल्यापर्यंत मान्य करावं लागलं. कार्ल्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, पाऊस थांबला, भातखाचरांवर ऊन पडलं. देवस्थळी तोंड उघडं टाकून बसले होते. अपमान तोंडातून बाहेर जात असल्यासारखं वाटत होतं.

"चंद्रिका," ते म्हणाले. तोंड उघडं ठेवून बोलल्यामुळे ते 'अंद्रिका' झालं. "बंगलोरचं तिकीट?"

चंद्रिकाबाईंनी गिअर बदलला. तेवढ्यात एक काळी मोठी गाडी कर्कश हॉर्न वाजवत डावीकडून घुसली. टपातून वर आलेल्या पोराने वेफर्सची रिकामी पिशवी त्यांच्या काचेवर फेकली आणि ओरडला, "ओ काकू, घरी जाऊन पोळ्या लाटा!"

चंद्रिकाबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांनी वेग कमी केला, वायपर लावून पिशवी उडवली आणि समोर बघत राहिल्या.

टक्.

देवस्थळींनी झटकन गालाला हात लावला. तोंड उघडंच होतं. त्यांनी हळूच मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिच्या कानाखालची शीर ताठ झाली होती.

देवस्थळींनी गालावरचा हात खाली घेतला. कामशेत गेलं.

"गाडीचा आहे," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

"हो हो," देवस्थळी घाईघाईने म्हणाले, "गाडीचाच."